किल्ली ज्याच्या कमरेला

निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठी एक गाव आहे. काळी भारी जमीन, विहिरींना बारमाही पाणी आणि गावठाण संपलं की नदीपर्यंत द्राक्षबागा. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं गाव एकच नाही.

द्राक्षबाग माणसाच्या हातांवर उभी असते, हे बाहेरून येणाऱ्याला पटकन कळत नाही. ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी. छाटणी झाली की प्रत्येक काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. फुटवे निघाले की फेलफुटी खुडायच्या. घड दिसू लागले की विरळणी, आणि मग डिपिंग: मगात औषधाचं पाणी घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा, झटकायचा, पुढच्या घडाकडे जायचं. एका एकरात असे हजारो घड असतात. पुढं मण्यावर गुलाबी छटा येऊ नये म्हणून निर्यातीच्या बागेत प्रत्येक घडाला कागद लावतात. यातलं काहीही यंत्रानं होत नाही आणि कशालाही उशीर चालत नाही. डिपिंगचे दिवस हुकले की मणी हवा तसा फुगत नाही, आणि हे दिवस साऱ्या तालुक्याला एकदमच येतात.

हे हात येतात पेठ, सुरगाण्याकडून. डोंगरातली भाताची, नागलीची आवणी उरकली की टोळ्या निघतात. गाडीत बायकापोरं, कोंबड्या, तांदळाची गोणी आणि गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद. बागेच्या बांधावर चार बांबू रोवायचे, वर कागद ताणायचा, कडेनं दगड ठेवायचे. ज्या बागेतल्या घडालाही कागद लागतो, त्याच बागेच्या बांधावर घड सांभाळणारी माणसंही कागदाखाली राहतात.

सोमाची टोळी अशीच यायची. पहिली काही वर्षं हंगामापुरती आली. मग एप्रिलची खरड छाटणीही तिनंच धरली. मग पावसाळ्यात कांद्याची लागवड मिळाली, आणि दहा-बारा वर्षांत टोळीतली सहा कुटुंबं परत जाईनाशी झाली. रेशनकार्ड इथलं झालं, पोरं इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली. बदलला नाही तो डोक्यावरचा कागद.

टोळी बहुतेक तात्यांच्या बागेत असायची. तात्या गावातले मोठे बागाईतदार. माणूस कष्टाळू, शब्दाला पक्का, मजुराचा आठवडा कधी न थकवणारा. निफाडचा पारा हिवाळ्यात अनेकदा राज्यात सगळ्यात खाली जातो हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. तिथल्या बागाईतदाराला ते वाचावं लागत नाही, कारण त्या रात्री तो झोपत नाही. मण्यांना थंडी बाधू नये, मणी तडकू नयेत म्हणून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, विहिरीचं कोमट पाणी ठिबकनं सोडतात. अशाच एका पहाटे तात्या शेकोट्या नीट धुमसताहेत ना, हे बघायला ओळींमधून निघाले होते. चौथ्या की पाचव्या शेकोटीपाशी त्यांना सोमाची बायको जनी दिसली. मांडीवर तान्हं मूल, शेजारी मोठा पोरगा, त्याच्या अंगावर तिचं लुगडं. कागदाच्या आतून दव ठिबकत होतं म्हणून ती पोरांना घेऊन द्राक्षांच्या शेकोटीपाशी येऊन बसली होती. तात्यांना बघून ती दचकून उठली आणि म्हणाली, "लाकडं कमी नाही केली, तात्या. नुसती बसले."

हे वाक्य तात्यांना लागलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी वस्तीवर आठ खोल्यांची चाळ बांधली. विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढं ओटा, एक नळ, दोन संडास, प्रत्येक खोलीत एक दिवा. गावात कुणी केलं नव्हतं ते तात्यांनी केलं. सहा कुटुंबं कागद गुंडाळून खोल्यांत राहायला आली, तेव्हा जनीनं पहिल्या दिवशी खोली तीनदा झाडली. उरलेल्या दोन खोल्या हंगामात येणाऱ्यांसाठी राहिल्या.

"भाडं किती, तात्या?" सोमानं विचारलं.

"भाडं कसलं घेऊ तुझ्याकडून? रहा. माझ्या बागेचं काम तेवढं आधी."

यात वावगं कुणालाच वाटलं नाही. सोमालाही नाही. आठ कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या एका कड्यात घालून तात्यांनी कमरेला लावल्या, तेही रीतीला धरूनच होतं. खोल्या त्यांच्या होत्या.

दोन-तीन हंगाम बरे गेले. मग एका वर्षी परतीचा पाऊस लांबला. सगळ्यांच्या छाटण्या मागं पडल्या आणि सगळ्या एकदम आल्या. बाहेर रोज चढला. तात्या मात्र जुन्याच दरानं देत होते. घर फुकट आहे, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो हिशेब त्यांनी कधी तोंडानं बोलून दाखवला नव्हता. तात्यांच्या एका तुकड्यातलं काम संपून दुसरा तुकडा तयार व्हायला दोन दिवस होते. तेवढ्यात जनी आणि आणखी तिघी जणी नदीपलीकडच्या बागेत डिपिंगला गेल्या. तिथं रोज जास्त होता आणि माहेरच्या लग्नात केलेली उधारी जनीला फेडायची होती.

तिसऱ्या दिवशी तात्या चाळीवर आले.

"माझ्या खोलीत राहून दुसऱ्याच्या बागेत?"

"तुमचं काम अडलं नाही, तात्या. आज आलोच होतो."

"आज आलात. उद्या याल कशावरून?"

शब्दानं शब्द वाढला. तात्यांनी रागाच्या भरात सोमाच्या खोलीतलं सामान ओट्यावर ठेवायला लावलं: दोन पातेली, हंडा, गोधड्या, पोराचं दप्तर. मग कुलूप घातलं. संध्याकाळपर्यंत राग उतरला की उघडू, असं त्यांच्या मनात असावं. पण सोमा हात जोडून म्हणाला, "कागदाखाली होतो तेव्हा आम्ही कुणाकडंही कामाला जायचो, तात्या. तेव्हा तुम्ही रागावत नव्हता."

त्या रात्री सहाही कुटुंबं चाळीतून निघून गेली. ज्यांच्या खोलीला कुलूप लागलं नव्हतं, तीही गेली.

तात्यांचं डिपिंग आठ-दहा दिवस लांबलं. त्या वर्षी त्यांचा माल निर्यातीतून बाद झाला आणि स्थानिक बाजारात पडत्या भावानं विकला गेला. मुकादमाला जास्त उचल देऊन त्यांनी दुसरी टोळी आणली. त्या टोळीला खोल्या दाखवल्या, तर तिचा म्होरक्या म्हणाला, "खोली नको. आम्ही बांधावर कागद टाकू." पेठ-सुरगाण्याच्या बाजारात चाळीची गोष्ट आधीच पोचली होती. पुढं खोल्यांमध्ये खताच्या गोण्या ठेवल्या गेल्या. तात्या पारावर म्हणायचे, "या लोकांना सुखाचं घर सोसत नाही."

तात्यांना दोष देण्याची घाई करू नका. कोट्यवधींचे बंगले बांधून मजुराला बांधावर ठेवणाऱ्यांपेक्षा त्यांनी कितीतरी जास्त केलं होतं. त्यांची चूक भिंतीत नव्हती, पत्र्यात नव्हती. काम आणि निवारा ही दोन्ही त्यांनी एकाच मुठीत ठेवली, तिथं चूक होती. ज्याच्या हातात माणसाचा रोज आहे, त्याच्याच हातात त्याचं छप्परही गेलं, की मजुराला रोजाविषयी तोंड उघडता येत नाही. दर कमी आहे म्हणावं, तर पोरांना घेऊन रात्री कुठं जायचं?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये शेतमजुरांची घरं अशीच नोकरीला बांधलेली असत. नोकरी सुटली, म्हातारपण आलं, मालकाशी बिनसलं की घर सोडावं लागे. शेतमजुरांच्या संघटना यावर वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठं १९७६ मध्ये तिथं कायदा झाला आणि नोकरी गेली तरी घर मालकाच्या मर्जीवर राहिलं नाही. आपल्या देशात केरळनं त्याआधीच पाऊल टाकलं होतं. तिथल्या जमीनदारांच्या नारळीबागांत झोपडी घालून राहणाऱ्या शेतमजुरांना 'कुडिकिडप्पुकार' म्हणत. मालकानं ऊठ म्हटलं की उठायचं, अशी त्यांची गत होती. १९७० च्या जानेवारीपासून तिथल्या जमीनसुधारणा कायद्यानं त्यांना झोपडीभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. खेड्यात दहा सेंटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबानं चार गुंठे. जमीनही नाही आणि झोपडीचाही हक्क नाही, अशांसाठी १९७२ मध्ये मंत्री एम. एन. गोविंदन नायर यांनी लाख घरांची योजना काढली. केरळातला शेतमजूर मजुरीच्या दरासाठी ताठ उभा राहून बोलतो, याचं आपल्याला नवल वाटतं. त्याच्या पायाखालची जागा त्याची आहे, हे आपण लक्षात घेत नाही.

आपला १९४८ चा कूळकायदाही याबाबत मुका नाही. कुळानं स्वखर्चानं बांधलेल्या राहत्या घरातून त्याला हुसकावता येत नाही, आणि कलम १८ नं हे संरक्षण शेतमजुराला आणि गावच्या कारागिरालाही दिलं आहे. पण याच कायद्याच्या धास्तीनं शेतकरी मजुराला बांधावर भिंत उभारू देत नाही. 'कूळ लागेल', हे दोन शब्द गावोगाव ऐकू येतात. कागद चालतो, कुडाची भिंत चालत नाही. घराला संरक्षण मिळालं आणि घरच होऊ दिलं नाही.

आता माईंची गोष्ट. माईंची चार एकर बाग आहे. नवरा वारला, मुलगा नाशिकला नोकरीला. चाळीतून निघालेली सहा कुटुंबं त्यांच्या बांधावर आली आणि पुन्हा कागद ताणले गेले. माई आठवडाभर बघत होत्या. एक दिवस भाकरी घेऊन बांधावर गेल्या आणि जनीला म्हणाल्या, "बाई गं, सरळ सांग. तुला काय हवंय? तात्यांच्या चाळीसारखी खोली मी बांधू शकत नाही. एवढी ऐपत नाही माझी."

जनी बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "खोली नको, माई. ज्याला कुलूप आम्ही लावू, असं काही बघा."

गावठाणाला लागून माईंचा सहा गुंठ्यांचा तुकडा होता. वरून मुरूम उघडा पडलेला, दोन बाभळी, बाकी कुसळ. वेल सोडाच, तिथं हरभराही धरत नव्हता. सासऱ्यांनी तो नांगरायचाही कधीच सोडून दिला होता. पण घर बांधणाऱ्याला विचारा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरची भिंत तडकते. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि तिथंच गरिबाचे निम्मे पैसे जमिनीत जातात. माईंच्या तुकड्यात मुरूम वरच होता. शेतीला निकामी ती जमीन घराला सोन्यासारखी.

माई गावच्या निवृत्त तलाठ्यांकडे गेल्या. त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

"आप्पा, तो तुकडा या सहा जणांना देऊन टाकायचाय. बक्षीसपत्र करा."

आप्पांनी चष्मा काढला. "बक्षीस देऊ नका. विका."

"त्यांच्याकडं कुठले पैसे?"

"भूमिहीनाला घरकुलासाठी जागा घ्यायला सरकार मदत देतं. पाचशे चौरस फुटांपर्यंत, पन्नास हजारांपर्यंत, आता ती लाखापर्यंत नेली आहे. दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना. तुम्ही रास्त भाव लावा. त्यांना हातात खरेदीखत मिळू द्या. तुम्ही फुकट दिलंत, तर तुमच्या पश्चात तुमचा मुलगा म्हणेल, आमच्या आईनं दिलेली जागा आहे. जन्मभर त्यांनी तुमच्या ओट्याकडं बघत राहायचं का?"

माईंना हे पटायला दोन दिवस लागले. द्यायला निघालेल्या माणसाला विकायला सांगणं सोपं नव्हतं. पण तात्यांच्या चाळीत काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

मग सरकारी दारी ये-जा सुरू झाली. पाचशे फुटांची खरेदी म्हणजे तुकडेबंदी कायदा आडवा. घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागली. ती आप्पांनी अर्ज लिहून, पाठपुरावा करून काढली. दुसरी अडचण यादीची. घरकुल मिळायचं तर नाव गावच्या यादीत हवं. सहापैकी चौघांची नावं या गावच्या यादीत निघाली. दोघांची नावं सुरगाण्याकडच्या त्यांच्या मूळ पाड्याच्या यादीत होती. त्यातल्या एकाचं तिकडं घरकुल बांधून तयारही होतं आणि दाराला कुलूप होतं, कारण वर्षभराचं काम इकडं. घर जिथं नाव तिथं आणि माणूस जिथं काम तिथं. ही फट ज्यांनी योजना आखली त्यांना दिसली नसेल, पण पेठ-सुरगाण्याच्या प्रत्येक टोळीला ती ठाऊक आहे.

विषय ग्रामसभेत आला. एरवी कोरम भरायची मारामार, त्या दिवशी बसायला जागा नव्हती.

एक तरुण बागाईतदार उठला. "घर मिळालं की हे लोक दर वाढवतील."

माई म्हणाल्या, "दर वाढलेलाच आहे, बाळा. मुकादमाला कमिशन देतोस, गाडीभाडं देतोस, उचल देतोस आणि टोळी पळाली की ती उचल बुडते. ते कुठल्या वहीत लिहितोस?"

"आज सहा आलेत. उद्या साठ येतील."

"येऊ देत. आपल्या गावच्या बागा मोज आणि साठ घरांचे हात पुरतात का ते सांग."

"पण माई, ही बाहेरची माणसं. गावठाणात?"

यावर माई काही बोलल्या नाहीत. शाळेच्या बाई बोलल्या. म्हणाल्या, "माझ्या पहिली ते चौथीच्या पटावर या सहा घरांतली किती मुलं आहेत ते मला विचारा. ती गेली तर एका शिक्षकाची बदली होईल. मग तुमची मुलं चार वर्ग मिळून एका बाईसमोर बसतील."

तात्या मागच्या भिंतीला टेकून बसले होते. ते बोलले नाहीत. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी केला नाही आणि विरोधातही केला नाही. ठराव झाला.

बांधकामाचं सांगायला हवं, कारण स्वस्त घर हे शब्द बोलायला स्वस्त असतात. घरकुलाला सपाट भागात तेव्हा एक लाख वीस हजार मिळत, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि संडासाचे बारा हजार वेगळे. घर किमान पंचवीस चौरस मीटरचं हवं. सिमेंट-सळईच्या भावात एवढ्यात भिंती उठत, छपराला रडावं लागे. शिवाय पैसे हप्त्यानं. पायाचा फोटो अभियंत्यानं मोबाइलवर चढवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि फोटो चढेपर्यंत उधारीवर आणलेल्या विटांचा मालक दारात. सहा कुटुंबांनी एक शहाणपण केलं: सहाही घरं एकत्र बांधायला घेतली. आज याचा पाया तर उद्या त्याचा, मजुरी घरचीच. विटा एकदम घेतल्यानं गाडीभाडं वाचलं. छपराला गावातल्याच मोडलेल्या बागांचे लोखंडी अँगल भंगाराच्या भावात मिळाले. ज्या अँगलवर वेली चढवल्या होत्या, त्यांच्यावरच पत्रे बसले. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून जनीनं आपल्या घरावर उसाचं पाचट अंथरलं, ते पाहून बाकीच्यांनीही अंथरलं. ज्या दोघांना घरकुल मिळालं नाही, त्यांच्या बायकांनी बचत गटातून कर्ज घेतलं. एका बागाईतदारानं बिनव्याजी उचल देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाही. गटाचं व्याज परवडलं, पण त्या उचलीपायी बांधून घेणं त्यांना नको होतं.

सहा घरांना तीन गुंठ्यांपेक्षा थोडी कमी जागा लागली. उरलेल्यात रस्ता आणि अंगण. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घरं लागली ती नवरा-बायको दोघांच्या नावानं. ग्रामसेवकानं जनीला विचारलं, "सही येते?" तिच्या पोरानं शाळेत शिकवलेली सही तिनं केली. 'ज' थोडा कलला, बाकी स्वच्छ.

इथं गोष्ट संपवली असती तर ती गोड झाली असती. पण खरी परीक्षा पुढच्या हंगामात झाली.

सगळ्यांना वाटलं होतं, माईंच्या बागेला आता पहिला मान. डिपिंगचे दिवस आले आणि सोमाची टोळी आधी नदीकाठच्या एका बागेत गेली, मग दुसऱ्या. माईंचा नंबर तिसरा लागला. मुलाचा नाशिकहून फोन आला, "आई, तू त्यांना जागा दिलीस आणि ते आधी दुसरीकडं?"

"दिली नाही. विकली," माई म्हणाल्या. "त्या बागांच्या छाटण्या माझ्याआधी झाल्या होत्या, तिथले घड आधी तयार झाले. बरोबर केलं त्यांनी."

मुलानं रागावून फोन ठेवला. माईंनाही आत कुठं तरी लागलं नसेल असं नाही. त्यांच्या बागेच्या एका कोपऱ्यात दोन दिवस उशीर झाला आणि तिथला माल थोडा बारीक राहिला. पण त्या जनीच्या दारात जाऊन काही बोलल्या नाहीत. जाऊन बोलण्याचा हक्क त्यांनी खरेदीखतावर सही केली त्या दिवशीच सोडला होता, आणि सोडायचा म्हणूनच सही केली होती.

पुढच्या वर्षी श्रावणात सोमा, जनी आणि टोळीतली बाकी माणसं मारुतीच्या देवळात बसली. गावातले दहा-बारा बागाईतदारही आले. माणसं मोजकी आहेत आणि बागा अनेक, तर छाटण्या आठ-आठ दिवसांच्या अंतरानं घ्या, म्हणजे डिपिंग एकावर एक येणार नाही, असं सोमानं मांडलं. वहीत तारखा लिहिल्या गेल्या, दरही तिथंच ठरला. सगळ्यांना एक. हे याआधी कधी झालं नव्हतं, कारण ज्याच्याशी बोलून तारीख ठरवावी तो माणूस आधी एक तर ऑक्टोबरात गाडीतून उतरून एप्रिलमध्ये जायचा, नाही तर कुणाच्या तरी मर्जीवर बांधावर किंवा खोलीत राहायचा. ज्याला पुढच्या वर्षीही याच गावात राहायचं आहे, तोच पुढच्या वर्षाचं बोलतो.

तात्या सगळ्यात शेवटी आले. दारातच थांबले. जनीनं वर पाहिलं आणि विचारलं, "तुमची छाटणी कधी धरायची, तात्या?"

तात्यांनी तारीख सांगितली. ती वहीत लागली. त्यावर दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

दिवाळीआधी तात्यांनी खताच्या गोण्या बाहेर काढल्या, चाळीला चुना लावला आणि आप्पांकडून एक साधा करार लिहून घेतला. हंगामात येणाऱ्या कुठल्याही टोळीला खोली मिळेल. महिन्याचं भाडं ग्रामसभेनं ठरवावं, त्याची पावती मिळेल. काम कुठंही करा. करार आहे तोवर दोन्ही किल्ल्या राहणाऱ्याकडं. सुरगाण्याची एक टोळी आली, तिच्या म्होरक्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पावती मागितली. तात्यांनी लिहून दिली. त्या टोळीतली निम्मी माणसं त्या वर्षी तात्यांच्या बागेत होती आणि निम्मी दुसरीकडं. चाळ मात्र भरलेली होती.

मराठवाड्यातून कारखान्यांच्या पट्ट्यात येणारा ऊसतोड कामगार आजही थंडीत कोपीत झोपतो. कोकणातल्या आंब्याच्या बागा राखणारा, रायगडच्या वीटभट्टीवरचा, नगरच्या कांद्याच्या चाळीवरचा मजूर कुठं झोपतो हे आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं आणि त्याची चौकशी केलेली नसते. त्यांच्यासाठी महामंडळं हवीत, वसतिगृहं हवीत, योजनांच्या यादीतली ती फट बुजायला हवी, हे सगळं खरं. पण काही गोष्टी गावाच्या हातात आहेत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या दिवशी आपल्या गावात ग्रामसभा असते. पुढच्या सभेला जाऊन बसा. घरकुलाची यादी मोठ्यानं वाचायला लावा. आपल्या शेतात राबणाऱ्यांपैकी कुणाचं नाव तीत नाही आणि कुणाला जागा नाही म्हणून घर मिळालेलं नाही, ते विचारा. गावठाणाला लागून तुमचा मुरमाड, पडीक तुकडा असेल तर तो रास्त भावानं विकायची तयारी सांगा. वस्तीवर खोल्या बांधल्या असतील तर भाडं घ्या, पावती द्या आणि दोन्ही किल्ल्या राहणाऱ्याच्या हातात ठेवा.